बिशपसाहेबांची अव्वा

कोल्हापूर
३ ऑक्टोबर १९९४

प्रिय एस्तेर,
सप्रेम सलाम.

सुखरूप पोचलो. बिशपांचा बंगला पाहिला. गोऱ्या साहेबांच्या काळातला, उंच छताचा. स्वयंपाकघरापासून जेवणाचं टेबल इतकं लांब की भाकरी वाटेतच गार होते. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की तू ये. आपण शेगडीपाशी बसून जेवू, बिशपपणा बाहेरच्या खोलीत ठेवू. वीस वर्षं नगर भागात सायकलवरून खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या सांभाळणारा पाळक मी. इथं लोक आत्तापासूनच ‘बिशपसाहेब’ म्हणतात आणि मी दर वेळी मागं वळून बघतो, कोण आलं म्हणून.

आज धाडस करून कबनूरला आक्काला पत्र टाकलं. तुला सगळं ठाऊक आहेच, पण आज पुन्हा सांगावंसं वाटतंय. कॉलेजसाठी कोल्हापुरात मिशनच्या बोर्डिंगात राहिलो आणि एकाहत्तर साली बाप्तिस्मा घेतला. जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं लिंग उतरवून मी अव्वाच्या हातात ठेवलं. आप्पांनी माझ्या गळ्यातला क्रूस तोडून उकिरड्यावर फेकला आणि गल्लीला सांगितलं, माझा पोरगा मेला. लिंगायताच्या घरात लिंग उतरवणं म्हणजे मरणंच. त्यानंतर मी तो उंबरा ओलांडला नाही. आप्पा गेल्या वर्षी वारले, तेही तिऱ्हाईताकडून कळलं. अव्वाची नजर काचबिंदूनं गेली आहे म्हणे.

पत्रात ‘बिशप’ हा शब्द लिहिला नाही. मोठेपणा मिरवल्यासारखं झालं असतं. ‘क्रूस’ लिहायला तर हातच होईना. एवढंच लिहिलं: “नगर सोडलं. कायमचा कोल्हापूरला परत आलोय. १३ नोव्हेंबरला इथल्या देवळात माझी दीक्षा आहे. गुरुजन डोक्यावर हात ठेवतील, गळ्यात घालतील. ते आता मरेपर्यंत उतरवायचं नाही. अव्वाचा आशीर्वाद असावा.”

उत्तर येईल असं वाटत नाही. पण लिहिलं ते बरं झालं.

तुझा,
महालिंग

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कबनूर
९ ऑक्टोबर १९९४

चि. महालिंग यास आक्काचा अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, तेवीस वर्षांनी पत्र, आणि तेही आठ ओळींचं! तुझ्यापेक्षा वीजमंडळ जास्त लिहितं.

अव्वाला वाचून दाखवलं. माग चालू होते, त्या खडखडाटात तिला नीट ऐकू जाईना म्हणून दुसऱ्यांदा ओरडून वाचलं. त्यामुळे शेजारच्या शालूबाईलाही ऐकू गेलं, म्हणजे आता कबनूरभर झालं असं समज. “गुरू डोक्यावर हात ठेवतील” हे आलं तेव्हा अव्वा म्हणाली, “थांब, तेवढंच परत वाच.” मग म्हणाली, “गुरूचा हात पडला म्हंजे आलं माजं लेकरू.” डोळ्यांनी दिसत नाही, पण रडायला ते डोळे अजून चांगले आहेत. मीही रडले. तुझे दाजी माग बंद करून बघायला आले, कोण गेलं म्हणून.

जंगमस्वामींना सांगितलं. ते म्हणाले, परत येणाऱ्याला दार उघडंच असतं.

अव्वाला प्रवास झेपणार नाही आणि तिला टाकून मला येता येणार नाही. तेव्हा दीक्षा झाली की तूच ये. सोमवार धर. तुझ्या एस्तेरलाही घेऊन ये, लग्न केलंस ते कानावर आलं होतं. ती पण दीक्षा घेणार आहे का? आम्ही तिला नावं ठेवणार नाही, सांग तिला.

तुझी आक्का, महादेवी

कोल्हापूर
१५ ऑक्टोबर १९९४

ति. आक्काच्या चरणी नमस्कार.

तुझं पत्र दारात उभ्यानंच वाचलं आणि पायरीवर बसून राहिलो. बंगल्याचा माळी आकाराम पाणी घेऊन धावत आला. त्याला म्हटलं, काही नाही रे, आईनं बोलावलंय.

आक्का, मला वाटलं होतं अव्वा हे मनातून कधीच मानणार नाही. घर तुटलं म्हणून मी देवाशीही भांडलोय, आणि भांडून पुन्हा त्याच्याच दारात उभा राहिलोय. नगर भागात किती आयांचे रुसलेले मुलगे मी हाताला धरून घरी नेले. प्रत्येक वेळी परतताना सायकल जड व्हायची. आता अव्वानं आपणहून मानलं. याहून मोठं पद मला कुणी देऊ शकणार नाही.

एस्तेरचं विचारलंस. बायकांना अजून आमच्यात ही दीक्षा देत नाहीत. खरं तर ती माझ्यापेक्षा लायक आहे. पण सुट्टी संपून तिची शाळा सुरू होतेय, ती दीक्षेला येऊन लगेच परत जाईल. मी सोमवारी, २१ तारखेला येतो. फार काही करू नका. अव्वाच्या हातची शेंगाचटणी आणि भाकरी बास.

तुझा,
महालिंग

कबनूर
१० नोव्हेंबर १९९४

चि. महालिंग यास आशीर्वाद.

“आमच्यात बायकांना देत नाहीत” म्हणे! कुठल्या मठात गेलास रे तू? माझ्या गळ्यात काय शोभेला बांधलंय? तुझ्या गुरूला म्हणावं, आधी माझ्या आक्काकडून शिकून या.

सोमवारी जेवायलाच ये. ‘फार काही करू नका’ हे अव्वाला सांगायची माझी छाती नाही. ती आंधळी बाई चार दिवस भिंत धरून घर सारवून घेतेय.

आक्का

कबनूर
२३ नोव्हेंबर १९९४

महालिंग,

हे पत्र दाजींच्या हाती देतेय, ते कापड घेऊन कोल्हापूरला निघालेत. उत्तर त्यांच्याच हाती दे.

सोमवारी काय झालं? तू दारात आलास, मी ओवाळलं. गल्ली जमली होती, स्वामी पाटावर बसले होते. अव्वा तुला चाचपत होती, रडत होती, हसत होती. दूध उतू जायला लागलं म्हणून मी आत गेले. परत आले तर अव्वा तुझ्या सदऱ्याची बटणं लावत होती आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगत होती, “बांधलंय माज्या लेकानं! चांदीच्या डबीत बांधलंय!” लोकांनी जयजयकार केला. तू मात्र पांढराफटक. दोन घास खाल्लेस आणि कामाचं निमित्त करून उठलास.

मंगळवारपासून अव्वा लिंग हातात घेत नाही. पूजा नाही म्हणून अन्न नाही. पूजेशिवाय आपल्यात घास घेत नाहीत, हे तुला सांगायला नको. मी विचारलं, “का गं अव्वा?” तर म्हणते, “ह्या हातानं आता पूजा व्हायची न्हाय.” दुसरं काही बोलत नाही. पाणी तेवढं ओठाला लावते, तेही मी रडले म्हणून. डॉक्टर सलाईन लावून गेला, तिनं सुई उपटली.

काय केलंस तू तिला?

आक्का

कोल्हापूर
२३ नोव्हेंबर १९९४

आक्का,

दाजी बाहेर बसलेत. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी फिरून तुमच्यात आलो नाही. मी ख्रिस्ती आहे, तेव्हाही होतो, आताही आहे. १३ तारखेला मी बिशप झालो. आमच्यातही त्याला दीक्षाच म्हणतात. चर्चला देऊळ म्हणतात. आमच्यातही वडीलधारे बिशप डोक्यावर हात ठेवतात. गळ्यात घालतात तो क्रूस. वीस वर्षं हे शब्द रोज तोंडात असतात, त्यामुळे ते तुमच्या घरात काय होऊन पोचतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, अव्वानं मला आहे तसा मानला. तू “कुठल्या मठात गेलास” लिहिलंस तेव्हा आम्ही दोघं हसलो. एस्तेर म्हणाली, तुमची आक्का भारी थट्टेखोर आहे.

दारातून स्वामी आणि विभूतीचं ताट पाहिलं तेव्हा सगळा घोळ लक्षात आला. तू आत गेलीस. अव्वानं सदऱ्यावरून माझी छाती चाचपली. म्हणाली, “चांदीचं हाय न्हवं?” मी म्हटलं, “व्हय अव्वा.” तेवढं तर खरं होतं. तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं डावा हात पुढं केला. “माज्या तळहातावर ठीव, बघू दे.”

आक्का, गल्लीशी खोटं बोललो असतो. स्वामींशीही कदाचित बोललो असतो. अव्वाच्या त्या हाताशी बोलता येईना. मी क्रूस काढून तिच्या तळहातावर ठेवला. लोकांकडे माझी पाठ होती, कुणाला दिसलं नाही. तिची बोटं एकदा फिरली आणि थांबली. तिला कळलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तसा चेहरा कुणाच्या आईचा कुणी बघू नये.

मग तिनं तो माझ्या सदऱ्यात परत घातला, बटणं लावली आणि मोठ्यानं ते सांगितलं. मला वाचवायला सांगितलं. मी दोन घास गिळले आणि उठलो.

मी काय करू, सांग.

महालिंग

कबनूर
२५ नोव्हेंबर १९९४

महालिंग,

पत्र वाचून मी ते चुलीत घातलं. हेही दाजींच्याच हाती देतेय.

बिशप म्हणजे काय ते दाजींना विचारलं. म्हणाले, पाद्र्यांचा कलेक्टर. बरं झालं, मोठा झालास. इकडे तुझी आई गुरूसमोर खोटं बोलली. अख्ख्या जन्मात बोलली नव्हती. आप्पा दूध मोजताना थोडं इकडंतिकडं करायचे तर ती दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरायची. ती आता म्हणते, हात विटाळला.

तू मला विचारतोस काय करू. मी सांगते. ये आणि स्वामींकडून लिंग बांधून घे. एका दिवसासाठी. अव्वा बोलली ते खरं होऊ दे. ती पूजा करेल, जेवेल. मग कोल्हापूरला जाऊन काय काढायचं ते काढ, काय घालायचं ते घाल, मी कधी विचारणार नाही. आज चौथा दिवस आहे. तिचे ओठ फुटलेत.

तुझ्या देवाला सांग, आई मरायला लागलीय. त्याला नव्हती का आई?

आक्का

कोल्हापूर
२६ नोव्हेंबर १९९४

आक्का,

होती त्याला आई. तोच प्रश्न मी त्याला विचारत बसलोय.

तू म्हणतेस तसं केलं असतं. माझ्या शपथेचं काय व्हायचं ते झालं असतं, त्याची मला आता भीती वाटत नाही. पण अव्वाला फसवता येणार नाही. तिची बोटं मन ओळखतात. मी खोटा दोरा बांधून गेलो तर सगळ्यांत आधी तिलाच कळेल, आणि ज्यात तिचा जीव आहे तेच मी थट्टेला लावलं असं होईल. मग ती खरंच जगणार नाही.

सोमवारी सकाळी येतो. स्वामींना आणि त्या दिवशी जेवढे होते तेवढ्या सगळ्यांना बोलावून ठेव. मी जे बोलेन ते मला बोलू दे. तू मध्ये पडू नकोस. आणि अव्वा काही सांगायला लागली तर तिला बोलू देऊ नकोस. एवढं माझं ऐक.

महालिंग

कबनूर
३० नोव्हेंबर १९९४

चि. महालिंग यास आक्काचे आशीर्वाद.

अव्वा जेवली. आधी तेवढं वाच आणि श्वास घे.

तू दारात उभा राहून सांगत होतास, “माझ्या आंधळ्या आईला मी फसवलं. क्रूस कापडात गुंडाळून तिला लिंगाची डबी आहे म्हणून सांगितलं. तिला काही माहीत नाही.” तेव्हा मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, नाहीतर किंचाळले असते. गल्लीतल्या पिराजीनं तुझ्यावर चप्पल फेकली. शालूबाई थुंकली. अव्वा भिंतीला धरून उठायला लागली तेव्हा मी तिला आवळून खाली बसवलं. तिच्या अंगात किती जोर होता म्हणून सांगू! तू गेलास, पोरं ओरडत तुझ्या मागं गेली, तेही तिनं ऐकलं.

मग स्वामी तिच्याजवळ बसले. म्हणाले, “म्हातारे, आंधळ्याला फशिवलं तर त्यात आंधळ्याचा दोष न्हाय.” त्यांनी तीर्थ शिंपडलं आणि लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते बोटांनी चाचपलं. मला वाटलं, आता सगळं बोलून टाकते. पण तिनं पूजा केली आणि मला म्हणाली, “पेज आण.”

सगळे पांगल्यावर मी कानाशी विचारलं, “अव्वा, कसं गं केलंस?” म्हणाली, “माज्यापायी लेकानं भर गल्लीत शेण खाल्लं. आता म्या उपाशी मेले तर त्येचं फुकट जाईल की.”

महालिंग, आता तू येऊ नकोस. भाऊबंदांनी ठरवलंय, तुला या घराची पायरी चढू द्यायची नाही. ते मी मोडून काढलं असतं. पण अव्वानं तुला जवळ केलं तर लोक म्हणतील, हिला सगळं ठाऊक होतं. मग तू केलंस ते वाया. तिलाही ते कळतं. ती तुझं नाव काढत नाही आणि मी काढत नाही. मी तुला कार्ड टाकत जाईन. पत्रात लिहिण्यासारखं आता काही उरलं नाही.

आक्का

कोल्हापूर
१८ जून १९९५

ति. आक्कास नमस्कार.

तुझी कार्डं पोचतात. ‘अव्वा जेवते. आक्का.’ एवढंच असतं, पण तेवढ्यावर माझा आठवडा जातो.

आम्ही पुन्हा नगरला जातोय. कबनूरची बातमी इकडं यायला वेळ लागला नाही. आमच्या लोकांना आईला फसवल्याचं तेवढं वाईट वाटलं नाही, जेवढं क्रूसाला लिंगाची डबी म्हटल्याचं वाटलं. धर्मप्रांताच्या समितीनं बोलावलं. विचारलं, तुम्ही तसं म्हणालात का? म्हटलं, म्हणालो. विचारलं, ते खरं आहे का? त्यावर मी गप्प बसलो. खरं नाही म्हणालो असतो तर ती बातमीही कबनूरला गेली असती.

समितीत गणपतराव म्हणून एक म्हातारे मास्तर आहेत. माझ्या निवडीच्या वेळी हेच सर्वांत आनंदले होते. ते रडत म्हणाले, “साहेब, बिशपानं क्रूसाला क्रूस म्हणायचं न्हाय तर कुणी म्हणायचं?” बरोबर बोलले ते. मी त्याच दिवशी राजीनामा दिला. पदाची अंगठी, काठी आणि तो चांदीचा क्रूस समितीच्या टेबलावर ठेवला.

वाईट वाटत नाही असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला? फार वाईट वाटतं. मला हे काम आवडत होतं. शिवाजी पेठेतल्या आमच्या पोरांना फुटबॉलच्या मॅचवरून हाणामाऱ्या सोडायला मी जवळजवळ तयार केलं होतं. या बंगल्यात गावोगावचे पाळक जेवायला बोलवायचे होते, शेगडीपाशी. आता नगरजवळ एका वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून जातोय. पन्नास पोरं आहेत, म्हणजे रडायला वेळ मिळणार नाही.

काल इचलकरंजीच्या गाडीत बसलो होतो. कबनूरच्या स्टँडवर उतरलो, हॉटेलात चहा प्यालो. तुमच्या मागांचा आवाज येत होता. पुढं आलो नाही.

अव्वा जेवते ना?

महालिंग

अहमदनगर
४ मार्च २००१

आदरणीय आक्कांस,
एस्तेरचा सप्रेम सलाम.

आपण कधी भेटलो नाही. हे पत्र तुम्हाला लिहायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून मी प्रार्थना करत होते.

महालिंग २६ फेब्रुवारीला गेले. वसतिगृहाच्या आवारात पोरांचा क्रिकेटचा खेळ चालला होता. ते पंच होते. बाद झालेल्या पोराशी वाद घालता घालता खाली बसले, ते उठले नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. इथल्याच दफनभूमीत पुरलं. दगडावर नावाआधी ‘बिशप’ लिहायचं की नाही यावर मंडळीत कुजबूज झाली. मी म्हटलं, नुसतं महालिंग लिहा.

आक्का, त्यांनी सहा वर्षांत कुणाला खरं सांगितलं नाही. मला तुमच्या पत्रांवरून ठाऊक होतं. मी कितीदा म्हटलं, मी बोलते समितीशी. तर म्हणायचे, “आणि अव्वानं पुन्हा जेवण सोडलं तर?” तुमचं कार्ड आलं की दिवसभर शीळ घालत फिरायचे. पोरांना कळायचं, आज सरांकडे काही मागितलं तर मिळेल. शेवटचं कार्ड ते गेल्यावर दोन दिवसांनी आलं. ते मी त्यांच्या टेबलावरच ठेवलंय.

मी तुम्हाला दोष देत नाही. अव्वांनाही देत नाही. पण रागावले आहे, हे खरं. कुणावर ते कळत नाही.

अव्वांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची,
एस्तेर

कबनूर
१२ ऑगस्ट २००३

चि. सौ. एस्तेर हिस आक्काचे अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहून गेले. खोडत नाही, असू दे.

अव्वा परवा गेली. तुला कळवायला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मला सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

महालिंग गेल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. गल्लीत कुणालाच सांगितलं नाही, फक्त दाजींना. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मागांच्या खोलीत जाऊन रडले. तिथं आठ माग एकदम चालतात, कितीही मोठ्यानं रडलं तरी भागतं. मग तोंड धुऊन तिला जेवायला वाढलं. अडीच वर्षं अशीच गेली. ती त्याचं नाव काढायची नाही, त्यामुळे मला निभावता आलं. सणावाराला मात्र पहिला घास घेऊन क्षणभर थांबायची. मी दुसरीकडे बघायची.

परवा पहाटे तिनं मला हाक मारली. म्हणाली, “स्वामीस्नी बोलीव. शालूलाबी बोलीव. पिराजीलाबी.” मला वाटलं, शेवटचं बघायचंय. सगळे आले. तिनं लिंग तळहातावर घेतलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, “माज्या लेकानं मला फशिवलं न्हाय. क्रूस त्येनं ह्याच हातावर ठिवला हुता. मला कळलं हुतं. बांधलंय म्हून मीच खोटं बोलले. त्यो माज्यासाठी खोटा झाला.”

एस्तेर, शालूबाईनं तोंडाला पदर लावला. पिराजी बाहेर जाऊन उभा राहिला. स्वामी आता थकलेत, पण डोळे भरून म्हणाले, “म्हातारे, इतकी वर्सं एकटीनं वागवलंस व्हय?” मग माझ्याकडे वळले. “महादेवी, फोन लाव त्येला. म्हणावं, स्वामीनं बोलावलंय. ह्या दारातनं आत ये.”

अव्वाचा चेहरा असा उजळला! लग्नघरात दिसतो तसा.

मी काय करणार होते? उठले. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले. नंबर कुणाचा फिरवू? तिथला पोरगा विचारायला लागला, “आक्का, लागंना झालंय काय?” परत आले आणि म्हणाले, “निघाला. पहिल्या गाडीनं.”

मग सुरू झालं. थोड्या वेळानं ती विचारायची, “कुटवर आला?” मी म्हटलं, पुण्याला आला. पेज भरवली, दोन चमचे गेली. “कुटवर आला?” सातारा सोडलं. शालूबाई माझ्याकडे घड्याळ बघून मान हलवायची, बरोबर आहे म्हणून. दाजी परसात जाऊन बसले, त्यांना ऐकवेना. दुपारी कऱ्हाड. मग पेठ नाका. वडगावात गाडी पंक्चर झाली म्हणून मी थोडा वेळ काढला. तेव्हा ती म्हणाली, “त्येला लहानपणापासनं गाडी लागती. लिंबू हाय का त्येच्याजवळ?” मी म्हटलं, आहे. एस्तेरनं दिलंय.

तुझं तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा. म्हणाली, “सून कशी हाय दिसाय?” मी तुला बघितलेलं नाही. मी म्हटलं, देखणी आहे, अव्वा.

दिवस कलला तेव्हा मी गाडी हातकणंगल्याला आणली. ती म्हणाली, “मला उठवून बसवा. निजून कुटं भेटत्यात लेकराला?” आम्ही बसवलं. मी मागून धरलं होतं. तोंड दाराकडे. तशीच ती जड झाली. आमच्यात माणसाला बसवूनच नेतात. तिला पुन्हा बसवायला लागलं नाही.

लोक अजून विचारतात, महालिंग का आला नाही? कुणी म्हणतं, एवढं होऊन मनात ठेवलं त्यानं. ते मला सोसवत नाही. अकराव्या दिवसाच्या जेवणाला सगळे जमतील तेव्हा तो गेल्याचं सांगून टाकणार आहे. तुला यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तरी मी समजेन.

पण एक विचार माझ्या डोक्यातून जात नाही. हातकणंगल्याहून कबनूर ते केवढंसं लांब! ती अजून थोडी थांबली असती तर मला गाडी आमच्या स्टँडवर आणावी लागली असती. मग दारात पावलं वाजवावी लागली असती. एस्तेर, मी कुणाला आत आणलं असतं गं?

तुझी आक्का,
महादेवी